सरांचं राहिलेलं गणित
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीनं मला मघाशीच बजावलं आहे, "गोड बोल, लोक हसायला आलेत." पण मी पडलो बँकेचा माणूस. १९७८ ला दहावी झालो, छोट्या लाईनच्या गाडीनं नागपूरला कॉलेजात गेलो, १९८४ ला बँकेत चिकटलो आणि २०२२ ला निवृत्त झालो. शेवटची बारा-तेरा वर्षं वसुली विभागात गेली. वसुलीवाल्याला गोड बोलायची सवय राहत नाही, म्हणून आधीच माफी मागतो.

सुरुवात सरांपासूनच करतो. आठवीत सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : मुद्दल १ लाख, द.सा.द.शे. १२, मुदत १० वर्षं, तर रास किती? सरळ व्याजानं २ लाख २० हजार. वर्षाला चक्रवाढ केलं तर ३ लाख १० हजार ५८५. सर, तुम्ही तिथं थांबलात, कारण पुस्तक तिथं थांबत होतं. पुढचं गणित मला बँकेनं शिकवलं. तेच व्याज तिमाहीला मुद्दलात मिळवलं तर ३ लाख २६ हजार आणि महिन्याला मिळवलं तर ३ लाख ३० हजार होतात. दर तोच, मुदत तीच; व्याज किती वेळा मुद्दलात मिळवता, त्यावर वीस हजारांचा फरक.

आता घरकर्जाचं पाहा. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता येतो साधारण १७ हजार ३५६. पुढे दर एक टक्क्यानं वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे जवळपास ३०९ होतात. म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त. हप्ता वाढला नाही म्हणून आपण खूश असतो आणि मुदत मुकाट्यानं लांबत जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की असा बदल करताना कर्जदाराला कळवा. हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या. तेव्हा बँकेचं पत्र आलं तर ते फोडा.

पत्र फोडण्यावरूनच मला खरी गोष्ट सांगायची आहे. ती आजवर मी कुणाला सांगितली नव्हती.

२०११ साली माझ्यासमोर एक फाईल आली. नाव वाचलं, वडिलांचं नाव वाचलं, पत्ता वाचला. पत्ता उमरेडचा. शाळा सुटल्यावर ज्या ओसरीत बसून आपण चिंचा खायचो, ते घर. आपल्याच वर्गातला मित्र. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, हा माझा वर्गमित्र आहे, फाईल दुसऱ्याकडे द्या. नियमानं ते बरोबरच होतं. पण त्याला एक फोन करून, "बाबा रे, नोटीस वाच, उत्तर दे, तारीख चुकवू नको," एवढं सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता. मी फोन केला नाही. त्याला अवघडल्यासारखं होईल, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे अवघडलो होतो मी.

त्यानं नोटीस देवघरातल्या फोटोमागे ठेवली होती. घरात कुणाला सांगितलं नाही. घराचा लिलाव झाला.

या मेळाव्याचं बोलावणं द्यायला मी त्याच्याकडे गेलो. चहा झाला. मग तो म्हणाला, "तुले माहीत होतं ना बे?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ गप्प बसला. निघताना मी विचारलं, हे मेळाव्यात सांगू का? म्हणाला, "सांग. माझं नाव नको घेऊ." तो आज आलेला नाही.

म्हणून त्याला तेव्हा जे सांगायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगतो.

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं थकीत, म्हणजे एनपीए होतं. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस देते आणि पैसे भरायला ६० दिवस मिळतात. या ६० दिवसांत कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पटलं नाही म्हणून लगेच कोर्टात जाता येत नाही. पण पुढे वाद झालाच तर तुमचा तो कागद बोलतो. साठ दिवस उलटले की बँक ताब्याची कारवाई करू शकते. तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ते नागपूरलाच आहे, मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही.

लिलावाआधी ३० दिवसांची विक्रीची नोटीस लागते. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पूर्वी विक्री होईपर्यंत सगळे पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तो हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. "लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू" म्हणणारा माणूस आता उशिरा पोचतो. मात्र लिलावातून देणं आणि खर्च फिटून जास्त पैसे आले, तर ते तुमचे असतात. ते मागा.

हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात, ५ मे २०२० रोजी, पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तसा निकाल दिला. पतसंस्थेची वाट वेगळी : ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेते. आणि आपल्याकडे बहुतेकांची शेती आहे म्हणून सांगतो, शेतजमिनीवर सरफेसीची कारवाई चालत नाही. पण नुसता सातबारा दाखवून भागत नाही. जमीन प्रत्यक्षात शेतीसाठी वापरात आहे का, हे न्यायालय पाहतं.

आता व्याजाचं. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न : "एवढं व्याज लावलं, कोर्टात जाऊ का?" आपल्या आजोबांच्या तोंडी एक शब्द असायचा, दामदुपट. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. सावकारी व्याजानं माणसं किती पिचली होती, याची साक्ष १२ मे १८७५ ची आहे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं जाळली. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आपलं उमरेड तेव्हा मध्यप्रांतात. आपल्याकडे १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा झाला. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून आकडा ठरवायचा, ही त्यातली कल्पना.

पण बँकेच्या कर्जाला दामदुपट सहसा लागत नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून कलम २१-अ आहे. केवळ दर जास्त वाटतो म्हणून न्यायालय बँकेचा हिशोब उकलत नाही. तेव्हा "व्याज फार आहे" हा मुद्दा टिकत नाही. "करारात किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नाही ते लावलं" हा मुद्दा टिकतो. दंडव्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २००१ मध्येच सांगितलं. शेतीकर्जावर तिमाही चक्रवाढ नाही, हेही त्याच निकालात आहे. आणि २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दंड हा दंड म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. २०२३ मध्ये आपल्या वर्गातली एक मैत्रीण माझ्याकडे आली. नवऱ्याच्या धंद्यासाठी घर गहाण होतं. नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून आणली होती. मी तारीख पाहिली. एकेचाळिसावा दिवस. तिला म्हटलं, रडायचं नंतर, आधी खातेउतारा आण. दोन रविवार आम्ही वहीवर आकडे मांडत बसलो, सरांनी शिकवलं तसंच. दंडव्याजावर व्याज चढलेलं निघालं. एकूण मागणी साडेएकोणीस लाखांची, त्यातली चूक एक लाख अडतीस हजारांची. हरकत लिहिली, बँकेनं आकडा दुरुस्त केला. लढाई जिंकली असं मी म्हणणार नाही, कारण उरलेले अठरा लाख देणं खरंच होतं. पैसा ठेवीदारांचा असतो. त्यात इथल्या कुणाची तरी पेन्शन असते. मग तिनं नागपूर रोडवरचा प्लॉट स्वतः, स्वतःच्या भावानं विकला, बँकेशी एकरकमी तडजोड केली आणि घर सोडवलं. लिलावात गेलं असतं, तर घरही गेलं असतं आणि भावही पडला असता.

दोघंही आपलेच. कर्ज दोघांचंही खरं. एकानं कागद लपवला, दुसरीनं दाखवला. आणि ज्यानं लपवला त्याच्याबाबतीत, कागद काय आहे हे माहीत असलेला एक माणूस गप्प बसला. तो मी.

मित्रांनो, आपण आता साठीच्या पुढे आहोत. आपल्यातले कितीतरी जण मुलांच्या कर्जाला जामीन आहेत, कुणाचं घर मुलाच्या धंद्यासाठी गहाण आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी पन्नास गुलाबाची फुलं येतात, पण "मला नोटीस आली" असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. ग्रुपवर लिहूही नका. मला फोन करा. आपल्या बॅचमधले दोन वकील आणि मी, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेजवळ बसायचं ठरवलं आहे. फी नाही. नोटीस, करारनामा आणि पूर्ण खातेउतारा, एवढं आणायचं. आमच्याकडे यायचं नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं पैसे लागत नाहीत. पण कुठेतरी जा.

सर, त्या वेळी चक्रवाढ व्याजाच्या चाचणीत मला दहापैकी चार मिळाले होते आणि तुम्ही वहीवर लाल शाईनं लिहिलं होतं, "पायऱ्या दाखव." आज पायऱ्या दाखवल्या. एक पायरी २०११ मध्ये गाळली होती, तीही दाखवली.

पुढच्या मेळाव्याला तो यावा, म्हणून आपण दोघं-चौघं मिळून त्याला आणायला जाऊ. येईलच असं नाही. पण जाऊ.