आबांची यादी

(1986 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू माशांवर संशोधन केलंस, त्यावर पंधरा मिनिटं बोल. पण सोपं बोल, जेवणाची वेळ होत आलेली असेल." म्हणजे माशांवर बोलायचं आणि तेही उपाशी पोटांसमोर! प्रयत्न करते.

आपल्या शाळेत दिवसाची सुरुवात हजेरीने व्हायची. सर नाव पुकारायचे, आपण "हजर" म्हणायचो. कुणी आलं नसेल तर मागून कुणीतरी सांगायचं, "सर, तो तापाने पडलाय," किंवा "सर, ती मामाच्या गावाला गेलीय." म्हणजे गैरहजर मुलाचंही नाव रोज घेतलं जायचं आणि तो का आला नाही हे कुणाला तरी ठाऊक असायचं. गेली तीस वर्षं मी जे काम करते ते साधारण असंच आहे. मी नदीतल्या माशांची हजेरी घेते. आज सांगणार आहे ते या हजेरीत माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

आपण 1970 च्या आसपास जन्मलेली मुलं. उजनीचं धरण 1980 साली पूर्ण झालं. त्याआधीच आपलं जुनं गाव उठलं. बैलगाड्यांवर पेट्या, पाटे-वरवंटे आणि कोंबड्यांच्या डालग्या लादून आपण या नव्या गावठाणात आलो. पत्र्याच्या शेडमध्ये आपली शाळा भरायची, आठवतं ना? त्याआधीची भीमा आपण पाहिली आहे. उन्हाळ्यात तिची धार बारीक व्हायची, पण डोह भरलेले असायचे. वाळूत झरे काढून बायका पाणी भरायच्या. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलटे वर चढायचे आणि सगळा गाव काठावर जमायचा. वाहती भीमा पाहिलेली या शाळेतली आपली तुकडी जवळजवळ शेवटची. आपल्यानंतरच्या मुलांनी पाहिलं ते धरणाचं पाणी.

पुण्यात प्राणिशास्त्र शिकून मी जलाशयातल्या माशांवर पीएच.डी. करायला घेतली तेव्हा पहिल्यांदा गेले ती आपल्याच वर्गातल्या मागच्या बाकावरच्या एका मित्राच्या घरी. त्याच्याशी दहावीपर्यंत मी दोन वाक्यंही बोलले नव्हते. तुम्हाला माहीत आहे, तेव्हा मुलं-मुली बोलत नसत! पण त्याच्या वडिलांना, आबांना, सगळा गाव ओळखायचा. भोई समाजातले, पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगलेले. मी म्हटलं, "आबा, नदीत कोणकोणते मासे होते ते सांगा." आबांनी तंबाखू मळली आणि म्हणाले, "लिही पोरी." मरळ, वाम, अहेर, खडशी, कोळस, शिंगटी, मल्या... दीड पान भरलं. कोणता मासा कुठल्या डोहात, कोणत्या जाळ्यात, कोणत्या महिन्यात मिळायचा हेही ते सांगत होते. मी मात्र फक्त नावं लिहून घेत होते, कारण शेवटची एस.टी. गाठायची होती.

पुढची तीन वर्षं मी बाजारात आणि होड्यांवर मासे गोळा केले. त्यातले निम्म्याहून कमी आबांच्या यादीशी जुळले. प्रबंधात मी तेवढेच लिहिले. बाकीची नावं गाळली, कारण हातात नमुना नव्हता. शास्त्राचा नियम म्हणून ते बरोबरच होतं. पण "जुन्या मच्छीमारांनी ही नावंही सांगितली" अशी एक ओळ शेवटी टाकायला कुणाची हरकत नव्हती. मला ती टाकावीशी वाटली नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या आठवणीला पुरावा म्हणायचं कसं, असं तेव्हा मला वाटत होतं. हे आज मी त्यांच्या मुलासमोर कबूल करते.

आबा गेले. त्यानंतर काही वर्षांनी ग्रंथालयात मला कर्नल साइक्सचा निबंध सापडला. साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. 1820 च्या दशकात तो दख्खनभर फिरला आणि इथल्या माशांवर त्याने जो निबंध लिहिला, तो लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने चित्रांसह प्रसिद्ध केला. चाळीसहून अधिक जातींची त्यात वर्णनं आहेत. मी पानं उलटत गेले आणि थांबले. या माणसाने माशांना शास्त्रीय नावं देताना इथल्या कोळी-भोयांच्या तोंडची नावंच उचलली होती! मल्याचं शास्त्रीय नाव आजही 'गारा मल्या' आहे. शिंगटीचं 'मिस्टस शिंगटी', कोळसाचं 'हिप्सेलोबार्बस कोलस'. ज्या महाशीराला आपल्याकडे खडशी म्हणतात तो 'टॉर खुद्री'. साइक्सला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळाला. तीच मुळा-मुठा दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते आणि तिचं पाणी आपल्या दारात येतं. जगभरचे शास्त्रज्ञ आज ही नावं लिहितात तेव्हा नकळत मराठीच बोलतात.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याने ज्यांचा शब्द प्रमाण मानला, त्यांच्याच वंशातल्या माणसाचा शब्द मी, याच गावची मुलगी, गाळून टाकला होता. मी जुनी वही काढली. काही नावं साइक्सशी जुळली. पण काही नावं अशी उरली की ती कोणत्या माशाची हे मला आजही सांगता येत नाही. विचारायला आबा नव्हते. सरांच्या भाषेत सांगायचं तर नाव पटावर आहे, पण मुलगा कोण हेच कुणाला आठवत नाही.

हे मासे गेले कुठे? थोडक्यात सांगते. खडशी, कोळस, मल्या हे वाहत्या पाण्याचे मासे. मल्या तर ओठांमागच्या चकतीने खडकाला चिकटून राहतो आणि त्यावरचं शेवाळ खातो. खडशीला अंडी घालायला स्वच्छ वाहतं पाणी आणि गोटे-वाळूचा तळ लागतो. धरणाने पाणी थांबलं आणि तळावर गाळ बसला. अहेराची गोष्ट तर आणखी वेगळी. हा सापासारखा लांब मासा जन्मतो समुद्रात. त्याची पिल्लं नद्यांमधून वर चढत येतात, इथे वर्षानुवर्षं वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातात. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्या वाटेवर आपण एकामागून एक भिंती घातल्या. अहेराने यायचं कसं?

दुसरं कारण वरून येणारं पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत गेलं, तसं त्यांचं सांडपाणीही. त्या घाणीच्या खतावर जलपर्णी आणि शेवाळ माजतं, ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. नाजूक मासे आधी जातात.

आणि रिकाम्या घरात पाहुणे शिरतात. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेचा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. त्याला साचलेलं पाणी चालतं, घाण चालते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती सहसा मरत नाहीत. शिवाय वर्षातून अनेकदा वीण. आज उजनीच्या जाळ्यात सगळ्यात जास्त काय येतं हे तुम्हाला सांगायला नको. त्यात आता सकर मासा आला आहे. अंगावर हाडांचं चिलखत असलेला हा दक्षिण अमेरिकेतला मासा घरातली काचेची टाकी साफ करायला म्हणून लोक विकत आणतात आणि मोठा झाला की दया येऊन नदीत सोडतात. त्याला भाव नाही, आणि जाळी फाटतात ती आपल्या मित्राची.

मी धरणाच्या विरोधात बोलायला उभी नाही. माझ्या वडिलांनी माझी फी भरली ती याच पाण्यावरच्या उसाच्या पैशातून. आपल्यातल्या निम्म्या लोकांचं तसंच असेल. धरणाच्या उथळ चिखलात चरायला रोहित पक्षी येतात. भिगवण-कुंभारगावला ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि आपली पोरं त्यांना होडीतून फिरवून चार पैसे मिळवतात. मिळालं तेही खरं आणि गेलं तेही खरं. पण मिळालेलं डोळ्यांसमोर असतं, गेलेलं नसतं.

डॅनिएल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी जे पाहते त्यालाच मूळ समजते. पुढची पिढी त्याहून कमी पाहते आणि तिला तेच मूळ वाटतं. मोजपट्टीच दर पिढीला आखूड होत जाते आणि नुकसान कुणालाच दिसत नाही. हे मला पुस्तकात वाचून पूर्ण पटलं नव्हतं. पटलं ते आपल्याच घाटावर, जेव्हा विशीतला एक मुलगा चिलापी दाखवून मला म्हणाला, "मॅडम, हा आपला गावठी मासा, आज्ज्यापासूनचा." त्याची काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नाही.

नाव नसलं की काय होतं, याची एक गोष्ट सांगून संपवते. आपला टॉर खुद्री महाशीर वाचावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवणला त्याची पैदास सुरू झाली. ते काम मोलाचं होतं. तिथली पिल्लं देशात ठिकठिकाणी सोडली गेली, तशी दक्षिणेत कावेरीतही. कावेरीचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड मोठा होणारा. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांमध्ये तो जगभर प्रसिद्ध होता. त्या लोकांनी वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की पाहुण्या महाशीराची संख्या वाढत गेली आणि घरचा दिसेनासा झाला. इतका प्रसिद्ध मासा, पण त्याची शास्त्रीय ओळखच पक्की नव्हती. म्हणून तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतही नव्हता. 2018 मध्ये त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली आणि मग त्याची नोंद 'अतिशय संकटग्रस्त' अशी झाली. नाव मिळालं तेव्हा हजेरीला मोजकेच उरले होते. आणि हे लक्षात आलं कशामुळे? गळ टाकणाऱ्यांनी वह्या लिहून ठेवल्या होत्या म्हणून.

आता माझी विनंती. पलीकडे चहाच्या टेबलावर मी एक कोरी वही ठेवली आहे. तुम्हाला आठवणारा मासा, पक्षी, कासव, काहीही लिहा. गावात त्याला काय म्हणायचे, जुन्या नदीत कुठे दिसायचा, शेवटचा कधी पाहिला. साल आठवत नसेल तर "बहात्तरच्या दुष्काळानंतर", "थोरलीच्या लग्नाच्या वर्षी" असं लिहा, मी हिशेब लावीन. घरी म्हातारी माणसं असतील तर त्यांना विचारा, आणि माझ्यासारखी एस.टी.ची घाई करू नका. सर, बाई, शाळेला एवढंच मागणं आहे की दरवर्षी नववीच्या मुलांनी एकदा मासळीबाजारात जाऊन त्या दिवशी आलेल्या माशांची नावं लिहून ठेवावीत. वीस वर्षांनी त्या वहीची किंमत माझ्या प्रबंधाहून जास्त असेल. आणि काचेच्या टाकीतला मासा कुणीही नदीत सोडू नका.

शेवटचं. काल संध्याकाळी मी त्या मागच्या बाकावरच्या मित्राच्या घरी गेले. आबांच्या यादीतली उरलेली नावं त्याला वाचून दाखवली. बऱ्याच नावांवर त्याने मान हलवली, "नाही गं, माहीत नाही." पण एका नावावर तो हसला. म्हणाला, "अगं, ही वेगळी जात नव्हेच. हे कोळसाचं पिल्लू. बोटाएवढं असेस्तोवर आबा त्याला असं म्हणायचे." सत्तावीस वर्षं मी ज्या माशाला शोधत होते, तो दुसऱ्याच नावाने माझ्याकडे होता. आणि उत्तर इथून चार घरं पलीकडे होतं. मी विचारलंच नव्हतं.

ते नाव मी इथे सांगत नाही. वहीतली पहिली ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे, तिथेच जाऊन वाचा. आणि वाचून झाल्यावर दुसरी ओळ तुम्ही लिहा.

चला, जेवायला.