मिसळले की कचरा



भाजीचे देठ, कालचे वर्तमानपत्र, दुधाची पिशवी आणि रिकामी बाटली हे चार जिन्नस जोवर घरात वेगवेगळे पडलेले असतात, तोवर त्यांतल्या प्रत्येकाला कोठे ना कोठे गिऱ्हाईक असते. परंतु तेच एका बादलीत एकत्र पडले, की देठांच्या ओलाव्याने रद्दी लिबलिबीत होते, पिशवीला घाण वास येतो, बाटलीला हात लावावासा वाटत नाही, आणि त्या सगळ्याला नगरपालिकेच्या गाडीखेरीज दुसरी वाट उरत नाही. कचरा आपण बाजारातून आणीत नाही. तो आपल्याच हातून घरी तयार होतो.

त्या गाडीची वाट कोठे संपते, हे मुंबईकरांस ठाऊक आहे. देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला, आणि २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस आसमंतात कोंडून राहिला. ओला कचरा ढिगाच्या पोटात हवेवाचून कुजू लागला, की मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजविला, तर त्याचे खत होते.

ही कुजविण्याची विद्या शास्त्रशुद्ध रीतीने मांडली गेली ती होळकरांच्या इंदुरात. तेथील कृषिसंशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शास्त्रज्ञ सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून आणि ते ठरावीक अंतराने वरखाली करून सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची पद्धती बसविली, व १९३१ साली त्यांनी तिजवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. हॉवर्डसाहेबांचे नाव जगभर झाले, वाडांचे मात्र आपल्याकडेही क्वचितच कोणी घेते.

तीच पद्धती सज्ज्यातल्या कुंडीपुरती करता येते. बुडाशी व बाजूंना भोके पाडलेल्या कुंडीत नारळाच्या शेंड्या पसराव्या, त्यावर साली-देठांचा एक थर आणि त्याहून जाड असा वाळल्या पानांचा थर घालीत जावे, आणि विरजण लावावे तसे मूठभर जुने खत अथवा थोडे आंबट ताक शिंपडावे. हे मिश्रण मुठीत आवळले असता हाताला ओल लागावी, पण पाणी निथळू नये, एवढे प्रमाण सांभाळले म्हणजे झाले. वास आला, तर पाणी अधिक आणि हवा कमी झाली असे समजून सुकी पाने मिसळून ढवळावे. तेलकट उष्टे मात्र यात टाकू नये. त्याने उंदीर येतात.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या घरांस फारसे शिकवावे लागत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी, धोतराची पंचे-फडकी, आणि जे उरेल ते बोहारणीच्या पदरात, तेही तासभर घासाघीस करून, असा व्यवहार पूर्वी सर्रास चाले. परंतु त्या काटकसरीचे गोडवे गाताना हे विसरू नये, की गोधडीचा प्रत्येक धावदोरा घरातल्या बायकांच्या दुपारींमधून निघालेला असे, आणि आज ती काटकसर पुन्हा आणावयाची असेल, तर सुई व कुंडी या दोहोंस पुरुषांचाही हात लागला पाहिजे. काटकसरीच्या नावाखाली बाटल्यांना रंग फासून फुलदाण्या करण्याची हौस मला व्यक्तिशः पटत नाही. फुलदाणीवर धूळ बसते, आणि सहा महिन्यांनी ती बाटलीच बादलीत जाते. त्यापेक्षा तीत तेल भरून आणावे.

ओला आणि सुका कचरा वेगळा देणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच बंधनकारक केले. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या रूपाने कचरावेचक संघटित झाले आहेत. ज्या वस्तू आपण टाकतो, त्या निवडण्याचे काम अखेर त्यांच्यासारख्यांच्या हातांनी होते. तेव्हा दुधाची पिशवी विसळून वाळवावी, रद्दी कोरडी ठेवावी, आणि फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून, निराळी द्यावी.