कळसूबाईचा चढ



आम्ही तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी मुलांना विचारायचो, "महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते?" मुले एका सुरात ओरडायची, "कळसूबाई!" "उंची किती?" "१६४६ मीटर!" की झाले, आम्ही पुढच्या धड्याकडे वळायचो. पण त्या डोंगरावर आम्ही स्वतः कधी पाऊल ठेवले नव्हते. ते ठेवले नोकरी संपल्यावर. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

१६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट. तुमच्यापैकी पुष्कळांनी सिंहगड पाहिला असेल. कळसूबाई त्याच्याहून हजारभर फुटांनी उंच. डोंगर आहे अकोले तालुक्यात. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. डोंगराची रांग ओलांडली की नाशिक जिल्हा लागतो. आपल्या चिंचवडहून जायचे तर चाकण, नारायणगाव, आळेफाटा करीत संगमनेर गाठायचे. तिथून डावीकडे वळून अकोले, राजूर, शेंडी आणि मग बारी. बारी हे पायथ्याचे गाव. वस्ती बहुतेक महादेव कोळी लोकांची. भात, नागली, वरई ही तिथली पिके.

हा डोंगर झाला कसा? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि आतला तापलेला रस बाहेर आला. तो पसरला, थंड झाला, त्याचा दगड झाला. त्यावर पुन्हा रस, पुन्हा दगड. पोळ्यांची चवड असते ना, तसे थरावर थर. मऊ थर पावसाने झिजतात, तिथे सपाटी होते. कठीण थर टिकतात, तिथे कडा उभा राहतो. म्हणून कळसूबाई चढताना थोडी सपाटी, मग कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा असे चालते. कड्यांना आता लोखंडी शिड्या लावल्या आहेत.

डोंगराच्या नावाची एक गोष्ट सांगतात. कळसू नावाची कोळ्याची पोर होती. ती पायथ्याच्या एका घरी कामाला राहिली. तिने आधीच अट घातली होती, "भांडी घासणार नाही, केर काढणार नाही." एक दिवस घरच्यांनी तिला तेच काम सांगितले. तिने ते केले आणि तडक डोंगर चढून गेली, ती परत खाली आलीच नाही. शिखरावर तिचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात तिथे जत्रा भरते. आम्हाला ही पोर आवडते. शब्द मोडला, चाकरी सुटली!

असो. आम्ही पहिल्यांदा गेलो ते चैत्रात. सहाजण होतो. निघायला नऊ वाजले, ही पहिली चूक. माणशी एकच बाटली पाणी, ही दुसरी. वाटेत फांद्यांच्या आडोशाला एक बाई लिंबूपाणी विकत बसली होती. आमच्यातले एक गृहस्थ भाव ऐकून म्हणाले, "एवढे महाग? साखर-लिंबूच तर आहे!" आम्हीही हसलो आणि पुढे गेलो.

अकराच्या पुढे कातळ तव्यासारखा तापला. शिडीशी आलो आणि तेच गृहस्थ मटकन खाली बसले. घाम थांबलेला, बोलणे अडखळते. बाटल्या तर केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या. वर, शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे, पण तिथवर पोचायचे कसे? आम्ही खाली हाका मारल्या. ती बाई कळशी घेऊन धावत आली. तिने त्यांना कड्याच्या सावलीत निजवले. उपरणे भिजवून डोक्यावर, मानेवर ठेवले. मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले. अर्धी कळशी तर नुसती अंगावर ओतली.

तासाभराने ते नीट बोलू लागले. आमच्यातले दोघे म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वर जाऊन या, आम्ही बसतो यांच्यापाशी." शिखर समोर दिसत होते. तीस वर्षे फळ्यावर लिहिलेले ते शिखर! आम्ही बाईकडे पाहिले. ती म्हणाली, "बाबा, डोंगर कुठं पळून जात न्हाई. ह्यांना उतरवायला चार माणसं लागतील." आम्ही सगळेच उतरलो.

उतरताना विचारले, "मावशी, एवढे पाणी आणता कुठून?"

"खालून. पहाटं दोन खेपा."

पाहा, हाही भूगोलच, पण आम्ही तो शिकवला नव्हता. पावसाळ्यात इथे आभाळ फाटल्यासारखे कोसळते. पण उतार उभा, माती पातळ आणि कातळ टणक. पाणी मुरत नाही, पळते. आपल्या पवनेचे पाणी मुळेतून, भीमेतून कृष्णेला जाते. कळसूबाईचे जाते गोदावरीला. दक्षिण अंगाचे पाणी प्रवरेत उतरते. त्या नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्या पाण्यावर खालच्या मुलखात ऊस उभा राहतो, आणि डोंगराजवळच्या वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन झरा शोधतात. त्या बाईने दोन खेपांतली एक आमच्यावर रिकामी केली होती. त्या गृहस्थांनी मुकाट्याने पैसे काढले. तिने मोजून घेतले. घ्यायलाच हवे होते.

मार्गशीर्षात पुन्हा गेलो. या खेपेला पहाटे पाचला निघालो. माणशी तीन बाटल्या, गूळ, मीठ, आणि हातात काठी. शिडीवर एका वेळी एकच माणूस, तोंड कातळाकडे, असा नेम केला. शिखरावर पोचायला चार तास लागले. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले रांगेने उभे. खाली भंडारदऱ्याचे पाणी, त्यापलीकडे रतनगड. लांब दक्षिणेला हरिश्चंद्रगड. नकाशात बोट ठेवून दाखवलेले सगळे एका जागी उभे राहून पाहिले. वारा असा की टोपी हातात धरावी लागली.

उतरताना त्या आडोशापाशी थांबलो. लिंबूपाणी घेतले, भाव विचारला नाही. बाईने आम्हाला ओळखले. ग्लास विसळता विसळता म्हणाली, "ते बाबा आलं न्हाईत? बरं हाईत ना?"

आम्ही म्हटले, "बरे आहेत. यायला घाबरतात."

"आना त्यांना," ती म्हणाली, "पर चैतात नको."