रेक्स बिगोनियाची निगा
चंदेरी पट्टे आणि जांभळट कडांची पानं मिरवणारा रेक्स बिगोनिया मूळचा आसामकडच्या ओलसर जंगलांतला. एकोणिसाव्या शतकात तो युरोपातल्या काचगृहांत पोहोचला आणि त्यापासून असंख्य संकरित जाती तयार झाल्या.

घरात त्याला पूर्वेच्या खिडकीतला उजेड मानवतो. दुपारचं ऊन पानं करपवतं.

त्याचं जाड खोड मातीलगत आडवं वाढतं, म्हणून कुंडी उथळ आणि रुंद घ्यावी. माती भुसभुशीत हवी. वरचा थर बोटाला कोरडा लागला, की पाणी मातीवरच घालावं. पानं ओली राहिली, तर बुरशी धरते.

नवं रोप हवंय? निरोगी पानाच्या मागच्या जाड शिरांना छेद देऊन ते ओल्या कोकोपीटवर टेकवावं. काही आठवड्यांत छेदांपाशी इवली रोपं फुटतात.