तोच धक्का, तेच हसू

काही दिवसांपूर्वी अमेरिकेत नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक छायाचित्र पाठवले. सुटीत तो फ्लोरिडाच्या अगदी दक्षिण टोकाला, की वेस्ट या बेटावर गेला होता. चित्रात तो धक्क्यावर उभा आहे, दोन्ही हातांत एक मासा आडवा धरलेला, आणि चेहऱ्यावर हसू मावत नाही. खाली लिहिले होते, ‘सर, मी डॉल्फिन पकडला!’

आमच्या घरात त्यावर थोडे वादळच झाले. ‘अहो, डॉल्फिन का कुणी मारतं?’ असा सवाल स्वयंपाकघरातून आला. तेव्हा आधी हा घोटाळा मिटवतो. पिल्लांना दूध पाजणारा, श्वासासाठी पाण्यावर येणारा डॉल्फिन तो वेगळा. हा डॉल्फिन-मासा, म्हणजे खराखुरा कल्ल्यांचा मासा. हवाई बेटांत त्याला माही-माही म्हणतात, आणि गिऱ्हाईक दचकू नये म्हणून अमेरिकेतले खानावळवालेही आता तेच नाव लावतात. अंगावर हिरवा, निळा आणि सोनेरी रंग असा काही झळकतो की विचारू नका. पण पाण्याबाहेर काढून मेला, की थोड्याच वेळात तो राखेसारखा फिका पडतो. नराचे कपाळ भिंतीसारखे उभे असते, एवढी त्याची खूण.

आता ही शिकार होते कशी ते सांगतो. तिथे बोट दिवसाच्या किंवा अर्ध्या दिवसाच्या भाड्याने मिळते. बोटीवर एक तांडेल आणि एक खलाशी. गळ, दोरी, आमिष सारे त्यांचेच. पाहुण्याने फक्त पैसे मोजायचे, आणि शेवटी खलाशाच्या हातावर बक्षिसी ठेवायची. बोट प्रवाळाची रांग ओलांडून खोल निळ्या पाण्यात जाते. तिथून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह पूर्वेकडे वाहतो. तांडेलाची नजर दोन गोष्टींवर असते. एक, आकाशात घिरट्या घालणारे फ्रिगेट पक्षी. आणि दुसरी, पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळसर शेवाळाचा लांबच लांब पट्टा. त्या शेवाळाच्या सावलीला बारीक मासळी जमते आणि तिच्यामागे डॉल्फिन-मासा येतो. यातली युक्ती पाहा. पहिला मासा गळाला लागला, की त्याला लगेच वर घेत नाहीत, पाण्यातच ठेवतात. कळपातले बाकीचे मासे त्याला सोडून जात नाहीत. आणि मग एकेकाचा नंबर लागतो!

परतताना बोट प्रवाळावर नांगर टाकते. जाळीच्या पिशवीत गोठवलेल्या मासळीचा चुरा पाण्यात सोडला, की प्रवाहाबरोबर तो पसरतो आणि त्या वासाने पिवळ्या शेपटीचे स्नॅपर वर येतात. हे आपल्याकडच्या तांबोशीचे भाऊबंद. खाली खडपात असतात ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूच्या जातीचे. संध्याकाळी धक्क्यावर सारी मासळी मांडायची, तिच्याजवळ उभे राहायचे आणि छायाचित्र काढायचे. हा तिथला रिवाज फार जुना आहे.

आणि श्रोतेहो, माझे आजचे सांगणे या छायाचित्राविषयीच आहे. लॉरेन मॅक्लेनेकन नावाच्या एका संशोधक बाईंनी की वेस्टमधली अशीच जुनी छायाचित्रे जमवली, त्यांतल्या माशांची मापे काढली आणि २००९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात धक्क्यावर मिरवल्या जाणाऱ्या माशाचे सरासरी वजन सुमारे २० किलो होते. २००७ साली ते भरले २.३ किलो! जुन्या चित्रांत माणसाच्या उंचीचे ग्रूपर लटकत आहेत, नव्या चित्रांत हातभर स्नॅपर. मात्र महागाई जमेस धरता सफरीचे भाडे काही उतरले नाही. आणि हसू? ते दोन्ही चित्रांत तेच! कारण उघड आहे. आज आलेल्या पाहुण्याने कालचा मासा पाहिलेलाच नसतो. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली हेच मांडले: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र समजते आणि तिथून पुढची घट तेवढी मोजते.

डॉल्फिन-मासा त्या मानाने चिवट. तो चार-पाच महिन्यांत वयात येतो आणि क्वचितच चार वर्षांपलीकडे जगतो. तरीही फ्लोरिडाने आपल्या अटलांटिक बाजूच्या हद्दीत २०२२ पासून माणशी रोजची मर्यादा दहावरून पाचावर आणली. प्रवाळातल्या ग्रूपरची गोष्ट निराळी. तो सावकाश वाढतो. त्याच्या कित्येक जाती आधी मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर नर बनतात. म्हणजे मोठा मासा हौसेने मारला, की नरच कमी झाले! त्यात पुन्हा खोलातून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. तो नुसता पाण्यात टाकला तर बुडी मारू शकत नाही. म्हणून अशा माशाला परत खोलवर पोचवणारे साधन बोटीवर ठेवण्याची सक्ती किनाऱ्यापासून दूरच्या, संघ सरकारच्या हद्दीत २०२० पासून झाली आहे. नियमांचा उपयोग होतो बरं का! गोलायथ ग्रूपर या प्रचंड माशाची शिकार १९९० साली बंद केली, तेव्हा त्याची संख्या पुष्कळ सावरली. इतकी, की २०२३ पासून मोजके परवाने पुन्हा देऊ लागले.

मी विद्यार्थ्याला काय उत्तर लिहिले? त्याच्या आनंदावर पाणी ओतायचे माझ्या जिवावर आले. मी एवढेच लिहिले, ‘मासा छान आहे. आता त्याच गावातले १९५७ सालचे एखादे चित्र शोध आणि दोन्ही शेजारी लाव.’

आपल्या किनाऱ्यावरही म्हातारे कोळी ‘आमच्या वेळी केवढाले हेकरू येत!’ असे सांगू लागतात, तेव्हा आपण ‘आजोबा वाढवून सांगतायत’ म्हणून हसतो. यापुढे हसण्याआधी त्यांना जरा विचारावे, ‘केवढाले, आजोबा? हात पसरून दाखवा.’ आणि ते माप कुठेतरी लिहून ठेवावे.