ठाण्याची पायरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीत साच्यावर उभी राहिलेली माणसं. कायदा शिकलो तो पोलीस ठाण्याच्या बाकावर. तिथं गाडी बहुधा एकाच जागी अडते. हवालदार म्हणतो, "अर्ज देऊन जा, चौकशी करू." आपली माणसं अर्ज देतात नि घरी येतात. अर्ज म्हणजे गुन्हा दाखल नव्हे!

अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. त्यात २०१८ साली कलम १८-अ आलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तक्रार तोंडी सांगितली तरी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि एफआयआरची नक्कल फुकट द्यायची. नियमाप्रमाणे तपास उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करतो, मुंबईत सहायक आयुक्त. फौजदारानंच तो उरकला, तर उद्या कोर्टात आरोपीचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो.

सगळेच पोलीस सारखे नसतात. रात्री बारा वाजता खुर्ची देऊन ऐकून घेणारेही भेटले.

जात विचारली की आपली पोरं अभिमानानं 'बौद्ध' सांगतात. सांगावंच. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं आहे. पण दाखला लागतोच, तो घरात तयार ठेवा. वकिलाला पैसे नाहीत? अनुसूचित जातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण उत्पन्न न बघता फुकट वकील देतं. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातच बसतो. कागद घेऊन या.