स्वीडनमधील शिक्षण : पैसा कोणत्या तारखेला लागतो?
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने मला परदेशी शिक्षणाच्या खर्चावर दोन शब्द बोलायला सांगितले. मी कलाशाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. म्हणून विषय आवाक्यातला घेतो. देश एकच, स्वीडन.

आपल्या घरी पहिला प्रश्न असतो, "एकूण किती लागतील?" तेवढे कर्ज मंजूर झाले की सगळे निश्चिंत होतात. पण गाडी अडते ती बहुधा रकमेवर नव्हे, तारखेवर. पैसा आहे, पण त्या दिवशी, त्या खात्यात नाही!

"तिकडे शिक्षण फुकट असते" असे अजूनही सांगितले जाते. आपल्यासाठी ते २०११ पर्यंत खरे होते. त्या वर्षीच्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शुल्क लागू झाले. पीएच. डी.ला मात्र शुल्क नाही. उलट बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांना पगारी नोकर म्हणून नेमले जाते. हुशार मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आता क्रम पाहू. शरद सत्राचे अर्ज आधीच्या ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतात. अर्जशुल्क ९०० क्रोनर. प्रवेश मिळाला की शुल्काचा पहिला हप्ता भरायचा. त्याशिवाय निवास परवाना मिळत नाही. परवान्यासाठी पोटापाण्याची रक्कम दाखवावी लागते. २०२५ साली ती महिन्याला १०,५८४ क्रोनर होती. ही रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात हवी. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, काकांची मुदत ठेव यांवर भागत नाही. दाखवण्यापुरते उसने आणून खाते फुगवू नका. त्याच पैशावर तिथे जेवायचे असते.

शिवाय विनिमय दर आहे. २०२५ च्या जानेवारीत एक क्रोनर आठ रुपयांच्या आत होता. वर्षअखेरीस नवाच्या वर गेला. म्हणजे महिन्याचा तोच खर्च सुमारे ८२ हजारांवरून ९५ हजारांपुढे! अंदाजपत्रकात ही वाढ धरलीच पाहिजे.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. मात्र तिच्या निवडीची तारीख आणि विद्यापीठाच्या हप्त्याची तारीख जुळेलच असे नाही. मधल्या काळाची सोय आधी करा.

पोहोचल्यावरचे पहिले दोन महिने कसोटीचे. लुंड, उप्साला, स्टॉकहोम येथे खोल्यांची टंचाई असते. विद्यार्थी वसतिगृहात पुष्कळदा खोली स्वतंत्र आणि स्वयंपाकघर सामाईक असते. कपडे धुण्याच्या खोलीची वेळसुद्धा आधी नोंदवावी लागते. रोख पैसे फारसे कुणी घेत नाही. वर्षभर किंवा अधिक राहणाऱ्याने कर कार्यालयात नोंदणी केली की व्यक्तिगत क्रमांक मिळतो; त्याला काही आठवडे लागू शकतात. त्याशिवाय तिथल्या बँकेत खाते उघडणे जड जाते, आणि खात्याशिवाय मोबाइलवरून पैसे देण्याची 'स्विश' ही सोय मिळत नाही. तोवर आपल्याकडचे परदेशात चालणारे कार्डच उपयोगी. भाडे, अनामत रक्कम, गरम कोट हे सारे याच काळात येते. कोट जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळतो. त्यात कमीपणा नाही. डाळ-भात तरी शिकूनच जा, बाहेरचे जेवण खिशाला परवडत नाही.

अभ्यासाची रीतही वेगळी. एका सत्राला ३० श्रेयांक. तास थोडे, वाचन फार. आठवड्याला चाळीस तास धरून चाला. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात. "मला समजले नाही" असे वर्गात सांगणे तिथे उद्धटपणा नव्हे. लुंड आणि उप्साला येथे 'नेशन' नावाच्या जुन्या विद्यार्थी संघटना आहेत. तिथे स्वस्तात जेवण मिळते आणि मित्रही. हिवाळ्यातल्या अंधारात मित्रांची गरज पैशाइतकीच असते.

फावल्या वेळच्या नोकरीचे उत्पन्न हिशोबात धरू नका. साध्या कामालाही बहुधा स्वीडिश भाषा मागतात. परवाना वाढवताना अभ्यासातील प्रगती पाहिली जाते. शुल्कासाठी राबून नापास झालात तर दोन्हीकडून गेलात!

पालकांना हात जोडून विनंती आहे. घर गहाण ठेवण्यापूर्वी एका कागदावर चार रकाने आखा : तारीख, रक्कम, कोणाच्या खात्यातून, कोणत्या चलनात. पहिल्या वर्षाच्या परतीच्या तिकिटापर्यंत सारे भरा. एखादा रकाना रिकामा राहिला तर मुलाला वर्षभर थांबवा. थांबलेले वर्ष भरून निघते. अर्ध्यातून परतलेल्या मुलाच्या कर्जावर मात्र व्याज चढतच राहते. आणि रकाने भरले असतील, तर भिऊ नका, मुलीलाही तितक्याच विश्वासाने पाठवा.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जयभीम!